दोन मालिकांतले दोन नायक, एक प्रेमकथा: मराठीत क्रॉसओव्हर फॅनफिक लिहिण्याच्या पायऱ्या

भुताखेतांच्या दोन वेगळ्या मालिकांमधली आवडती माणसं एकत्र आणायची आणि त्यांचं सूत जुळवायचं, ही हौस अनेकांना असते. चाहत्यानं लिहिलेल्या अशा कथेला क्रॉसओव्हर फॅनफिक म्हणतात. लिहायला बसतात. पहिल्या प्रकरणात भेट, दुसऱ्यात भांडण, तिसऱ्यात एकत्र लढाई, आणि चौथ्यात गाडी रुतते. रुतण्याचं कारण बहुतेक वेळा प्रेमात नसतंच. एकाच्या जगात व्हँपायर लाकडी खुंटीनं मरतो, दुसऱ्याच्या जगात मरत नाही, आणि लेखकानं याचा निकाल लावलेला नसतो. नियम आधी ठरवून घेतले की प्रेमाचे निम्मे प्रसंग त्या नियमांच्या टकरीतूनच मिळतात.

खाली सगळीकडे एकच जोडी उदाहरणाला घेतली आहे: ‘सुपरनॅचरल’मधला भुताखेतांची शिकार करत फिरणारा डीन विंचेस्टर आणि ‘बफी द व्हँपायर स्लेयर’मधली बफी समर्स, म्हणजे व्हँपायर मारायला निवडलेली मुलगी, स्लेयर. तुमची जोडी वेगळी असेल. डीन आणि ‘नागिन’मधली शिवन्या घ्या, दोन पुरुष घ्या, दोन बायका घ्या. पायऱ्या त्याच राहतात. कथा मराठवाड्यात घडवायची असेल तर काय सांभाळायचं तेही सांगितलं आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी काय जमवायचं

- दोन्ही मालिकांचे निवडक भाग. ‘सुपरनॅचरल’चे १५ सीझन आणि ३२७ भाग आहेत (२००५ ते २०२०), ‘बफी’चे ७ सीझन आणि १४४ भाग (१९९७ ते २००३). सगळं बघून मग लिहीन म्हणाल तर कधीच लिहिणार नाही. या जोडीला आठ भाग पुरतात. ‘बफी’चे चार: पाचव्या सीझनचा शेवटचा ‘द गिफ्ट’, सहाव्याचा तिसरा ‘आफ्टर लाइफ’ आणि सातवा ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’, सातव्याचा शेवटचा ‘चोझन’. ‘सुपरनॅचरल’चे चार: अगदी पहिला भाग, पहिल्याच सीझनचा विसावा ‘डेड मॅन्स ब्लड’, चौथ्याचा पहिला ‘लाझरस रायझिंग’ आणि दहावा ‘हेवन अँड हेल’.
- एक कागदी वही. नियमांचा तक्ता मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवला की लिहिताना तो उघडला जात नाही.
- मराठी कीबोर्ड. बोलून टाइप करत असाल तर विरामचिन्हं आणि परदेशी नावं नंतर हातानं तपासा. एकाच प्रकरणात डीनचा दीन झालेला हमखास सापडतो.
- सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. का, ते पुढे कळेल.
- दोन वाचक. एकानं फक्त पहिली मालिका पाहिलेली, दुसऱ्यानं फक्त दुसरी.

१. जोडी का जुळावी, ते दोन वाक्यांत लिहा

‘दोघंही भारी आहेत’ हे कारण चालत नाही. एकाकडे असं काय आहे जे दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या मालिकेत कुणीच देऊ शकलं नाही, हे शोधा.

डीन आणि बफीच्या बाबतीत उत्तर अगदी समोर आहे. बफी पाचव्या सीझनच्या शेवटी धाकट्या बहिणीसाठी, डॉनसाठी, जीव देते. मित्रमंडळी तिला मंत्रानं परत आणतात. आपण तिला नरकातून सोडवलं, असं त्यांना वाटतं, पण ती स्वर्गात होती, शांत होती. ही गोष्ट ती आधी फक्त स्पाइक या व्हँपायरला सांगते. डीन धाकट्या भावासाठी, सॅमसाठी, आत्मा गहाण टाकतो आणि एका वर्षानं खरोखर नरकात जातो. पृथ्वीवर चार महिने होतात, तिकडे त्याची चाळीस वर्षं जातात. त्याला कॅस्टिएल हा देवदूत बाहेर काढतो.

म्हणजे दोघंही थोरली भावंडं, दोघंही धाकट्यासाठी मेलेले, दोघंही न विचारता परत आणलेले. फरक एवढाच की तिला चांगल्या जागेवरून ओढलं आणि त्याला वाईट जागेवरून. ‘परत आलीस, बरं झालं’ हे वाक्य बफीला ऐकवत नाही. तिकडे काय केलं, हे डीनला सांगवत नाही. अख्खी प्रेमकथा या दोन न बोललेल्या गोष्टींवर उभी राहते.

डीन आणि शिवन्या घेतलीत तर दोन वाक्यं वेगळी होतील. ती आईवडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली इच्छाधारी नागीण. तोही आईच्या मरणाच्या सुडात वाढलेला. पण त्याच्या धंद्याच्या व्याख्येनुसार ती शिकार आहे. इथे जवळीक लवकर येईल, विश्वास मात्र फार उशिरा.

दोन वाक्यं लिहिता आली नाहीत तर जोडी बदला. पुढच्या पायऱ्यांनी ही उणीव भरून निघत नाही.

२. नियमांचा तक्ता

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: पहिली मालिका, दुसरी मालिका, आपली कथा. तिसरा रकाना रिकामा असताना एकही प्रसंग लिहू नका.

व्हँपायरपासून सुरुवात करा.

- लाकडी खुंटी: ‘बफी’त काळजात बसली की व्हँपायरची राख होते. ‘सुपरनॅचरल’मध्ये काहीही होत नाही.
- ऊन: ‘बफी’त जळून मरतो. ‘सुपरनॅचरल’मध्ये नुसतं भाजल्यासारखं होतं.
- मुंडकं उडवणं: दोन्हीकडे चालतं.
- मेलेल्या माणसाचं रक्त: ‘सुपरनॅचरल’मध्ये विषासारखं काम करतं, पण मारत नाही. ‘बफी’त याला काही अर्थ नाही.
- आमंत्रण: ‘बफी’त राहत्या घरात बोलावल्याशिवाय शिरता येत नाही, सार्वजनिक जागी येता येतं. ‘सुपरनॅचरल’मध्ये असं बंधन नाही.

आता तिसरा रकाना. तीन मार्ग आहेत. एक, जग एकच आणि व्हँपायरच्या जाती दोन. दोन, मधे दार उघडतं आणि प्रत्येक प्राणी आपापल्या जगाचे नियम अंगावर घेऊन येतो. तीन, एका मालिकेचे नियम जिंकतात, दुसरीचे रद्द. नवख्यानं पहिला मार्ग घ्यावा. तिसऱ्या मार्गात एक नायक अडाणी ठरतो आणि त्याचे चाहते दुसऱ्या प्रकरणात निघून जातात.

पहिल्या मार्गानं गेलात तर पहिल्या लढाईतच काम होतं. बफी खुंटी मारते, समोरचा छातीतली खुंटी उपसून हसतो. डीन मागून कोयता चालवतो. पण इथे एक खड्डा आहे. मुंडकं उडवणं दोन्हीकडे चालत असल्यामुळे डीन दर वेळी बरोबर ठरतो आणि बफी अर्ध्या वेळा चुकते. हा तोल सावरायलाच हवा. त्यासाठी दुसरा तक्ता करा: सैतानांचा.

‘सुपरनॅचरल’चे सैतान काळ्या धुरासारखे येऊन जिवंत माणसाच्या अंगात शिरतात. ‘बफी’चे बहुतेक सैतान स्वतःचं हाडामांसाचं शरीर घेऊन फिरतात, आणि बफी त्यांना हातापायांनी बडवून मारते. तिनं अंगात आलेल्या माणसाला तिच्या ताकदीनं एक ठोसा लगावला तर आतला निरपराध माणूस मरेल. तिच्याकडे माणूस न मारण्याचा नियम कडक आहे. डीनकडे अंगातलं बाहेर काढायचे लॅटिन मंत्र आहेत, पण घाईत असला की त्यानं अंगात आलेल्या माणसासकट सैतान मारलेला आहे. पहिलं खरं भांडण इथे लावा. हे भांडण रुसव्याफुगव्याचं होत नाही, दोघांच्या आयुष्यभराच्या कामाचं होतं.

ताकदीचा हिशेबही लिहून ठेवा. बफी डीनपेक्षा कितीतरी बलवान आहे, तो साधा माणूस आहे. डीननं तिला दोन्ही हातांवर उचलून वाचवलं, हे वाक्य आलं की तिचे चाहते तिथेच वाचणं थांबवतात. डीनचा हात वर राहतो तो माहिती काढण्यात, खोटं ओळखपत्र दाखवण्यात, बंद पडलेलं यंत्र चालू करण्यात.

३. काळ आणि वय

बफीचा जन्म जानेवारी १९८१ चा, डीनचा जानेवारी १९७९ चा. तिची मालिका मे २००३ मध्ये संपली, त्याची सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाली. सनीडेल हे तिचं गाव शेवटच्या भागात जमिनीत गडप होतं, आणि जगभरातल्या सगळ्या संभाव्य स्लेयर मुलींना एकाच वेळी शक्ती मिळते. तिच्या डोक्यावरचं एकटेपणाचं ओझं त्या दिवशी उतरतं. म्हणून २००३ च्या आधीची बफी आणि नंतरची बफी ही दोन वेगळी माणसं समजून लिहा.

या जोडीला सगळ्यात सोयीचा काळ २००८ ची दिवाळी ते डिसेंबर. डीन सप्टेंबरमध्ये नरकातून आलेला आहे, वय २९. बफी २७ ची. दोघांची मरणं मागे पडली आहेत, बोलण्यासारखं खूप आहे.

पहिल्या सीझनची बफी १६ वर्षांची शाळकरी मुलगी आहे. तिला घेऊन प्रेमकथा लिहायची नाही. यात सवलत नाही.

४. गाव: मराठवाड्यात आणायचं तर

कथा अमेरिकेतच ठेवली तरी चालते. इकडे आणणार असाल तर पुढचं नीट वाचा.

आधी खुणा तपासा. २००८ सालच्या एसटीच्या पाटीवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद असेल. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ पासूनची. लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात, तरी ते मराठवाड्यात घुसवलेलं कितीदा तरी वाचायला मिळतं. दुसरी सवय कोकणाची. भुताचं घर म्हटलं की नारळी-पोफळी आणि कौलं लिहून होतात. इकडे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, पुढे ढाळज म्हणजे दारालगतची बसायची जागा, गावाच्या उंचवट्यावर ढासळलेली गढी, आणि पायऱ्या उतरत जाणारी बारव. बाहेर काळी माती, तूर, ऊस. २००८ मध्ये खेड्यापाड्यांत भारनियमन रोजचंच होतं, त्यामुळे अंधार वेगळा रचायची गरज नाही.

आता आमंत्रणाचा नियम इथे लावून बघा. ‘बफी’चा व्हँपायर उंबऱ्याबाहेर अडतो. पण आपल्याकडे दारात अनोळखी माणूस दिसला की म्हातारी काय म्हणते? “काय हुडकायलाव एवढ्या राती? या, टेका जरा. पाणी घ्या.” झालं आमंत्रण. आणि एकदा दिलेलं आमंत्रण मंत्राशिवाय मागे घेता येत नाही. अख्ख्या वाडीला ‘कुणाला या म्हणू नका’ हे बफी कसं शिकवणार, यावर एक पूर्ण प्रकरण निघतं, हसवणारंही आणि घाबरवणारंही. घराची हद्द ढाळजेपासून धरायची की आतल्या उंबऱ्यापासून, हे मात्र तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर दोन प्रकरणांत दोन हद्दी होतील.

डीनची नेहमीची पद्धत म्हणजे भुताची हाडं उकरायची, मीठ टाकायचं, जाळायचं. इथे प्रेतं बहुतेक आधीच जाळलेली. मग भूत कशाला धरून राहिलं आहे? ‘सुपरनॅचरल’मध्येच याचं उत्तर आहे: एखाद्या वस्तूला. पिंपळावरचा मुंजा असेल तर त्याचं जानवं, पाटी, आईनं जपून ठेवलेली केसांची बट शोधायला लावा. शोध घरातल्या माणसांशी बोलूनच लागतो, आणि डीनला मराठी घरात गप्प बसून ऐकायला लावणं यात जोडीला पुष्कळ वाव आहे. दफनभूमी किंवा समाध्या उकरण्याचा प्रसंग टाळा. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती अशा कुणाच्या तरी खऱ्या माणसांच्या त्या जागा आहेत.

साहित्याच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. भूत अडवायच्या रिंगणाला खडे मीठ घ्या, बारीक मीठ वाऱ्यानं उडतं. लोखंड म्हणून विळा, पहार, कुऱ्हाड. खुंटी बाभळीची करा, बैलगाडीला आणि अवजारांना वापरतात इतकं ते लाकूड टणक. शेवग्याची केलीत तर वाचक हसेल, ती हातातच मोडते.

सूर्यास्त कॅलेंडरवर बघा. लातूरकडे डिसेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो आणि रात्र जवळजवळ तेरा तासांची असते. जूनमध्ये सात वाजत येतात आणि रात्र अकरा तासांच्या आत. व्हँपायरची कथा डिसेंबरात ठेवण्याचं हे साधं कारण आहे. दिवसा त्याला लपवायचं तर देवगिरी किल्ल्यातली अंधारी आहे: वळणावळणाचा काळोखा मार्ग, वर वटवाघळं. किल्ला सूर्यास्तानंतर बंद असतो, तेव्हा आत जायचं कसं, ते लिहा.

गाडीचं तर सोनं होतं. डीनची १९६७ ची शेवरोले इम्पाला, स्टिअरिंग डावीकडे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. म्हणजे उसाच्या ट्रॉलीला मागे टाकताना समोरचं डीनला दिसणारच नाही, उजवीकडे बसलेल्या बफीनं सांगायचं. ट्रॉलीला मागचा दिवा नाही. आणि बफीला स्वतःला गाडी नीट चालवता येत नाही, हे तिच्या मालिकेतच दाखवलं आहे. कुणालाही पुढे जाऊ न देणारी दोन माणसं आणि ‘आता काढ’ म्हणणारा एकच आवाज. नांदेड-लातूर रस्त्यावर हा प्रसंग पाच पानं खुशाल चालवा.

दोन गोष्टी करू नका. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सैतानाच्या माथी मारू नका. अमेरिकन मालिकांत मोठ्या आपत्तीमागे सैतान लपवायची पद्धत आहे, पण इथल्या वाचकाच्या घरातली माणसं त्यात गेलेली असू शकतात. दुसरी, भानामती. वस्तीतली एकटी बाई, विधवा, म्हातारी हिला चेटकीण ठरवणारं कथानक नको. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली खऱ्या बायकांचा छळ झालेला आहे, आणि जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. खलनायक मालिकेतूनच आणा.

५. जवळीक किती प्रकरणांत

दहा प्रकरणं, प्रत्येकी बाराशे ते पंधराशे शब्द. मोबाइलवर यापेक्षा लांब प्रकरण अर्धवट सुटतं. भेट दुसऱ्या प्रकरणात ठेवा. पहिलं प्रकरण एकाच नायकाचं असू द्या, म्हणजे दुसऱ्या मालिकेच्या वाचकाला त्याची ओळख होते. तिसऱ्यात सैतानावरून भांडण. चौथ्या-पाचव्यात दोघांना आपापलं काम एकमेकांशिवाय करून बघू द्या आणि ते फसू द्या. सहाव्यात गाडी. डॉन आणि सॅम यांचे फोन मधे मधे येत राहावेत. या दोघांना जितकं भावंडांशी बोलताना ऐकू, तितके ते एकमेकांना ओळखू लागतात.

स्वर्ग आणि नरकाचं बोलणं सातव्याच्या आधी काढायचं नाही. काढाल तेव्हा आधी बफी बोलेल, कारण तिनं हे पूर्वी एकदा बोललेलं आहे. डीनला त्याच रात्री सगळं ओकायला लावू नका. नरकात तो नुसता सोसत नव्हता, शेवटची दहा वर्षं इतरांना यातना देत होता. ते नवव्यात. चुंबन यांच्या मधे कुठेतरी येईल, त्याची जागा ठरवून ठेवण्याची गरज नाही.

एंजल आणि स्पाइक या बफीच्या जुन्या नात्यांना दुष्ट ठरवून डीनची वाट मोकळी करणं ही नवख्यांची आवडती पळवाट. ती दोन्ही नाती व्हँपायरशी होती. डीनला हे कळल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हेच जास्त मजेशीर आहे.

६. कोण कसं बोलणार

दोघांनाही पहिल्यापासून ‘तू’ द्या. गळ्याला कोयता लावून झालेली भेट आहे, तिथे ‘तुम्ही’ शोभत नाही. बफीचा मार्गदर्शक जाइल्स याच्यासारख्या वडीलधाऱ्याला ‘तुम्ही’.

मराठवाडी बोली गावातल्या माणसांना द्या, नायकांना साधी बोलीभाषा. डीनच्या तोंडी ‘काय करायलास बे’ टाकलं की कथा फार्सकडे वळते. एखाद्या वेळी त्यानं ऐकून शिकलेला एकच शब्द चुकीच्या जागी वापरला तर गोड वाटतं. उलट गावातला राखणदार पुणेरी छापील मराठी बोलला तर परभणी-हिंगोलीचा वाचक लगेच पकडतो. डीनचं खोटं ओळखपत्रही इथल्यासारखं करा. एफबीआय म्हटल्यावर सरपंच चहा पाजून हसत परत पाठवेल. वीज मंडळाकडून मीटर तपासायला आलोय म्हटलं तर दार उघडेल, आणि वर वाढलेल्या बिलाची तक्रारही ऐकावी लागेल.

७. वाचून घेणं आणि टाकणं

पहिली तीन प्रकरणं दोन्ही वाचकांना द्या. एकच प्रश्न विचारा: न पाहिलेल्या मालिकेतलं कुठलं वाक्य कळलं नाही? ‘आवडलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. जिथे कळलं नाही तिथे माहितीचा परिच्छेद घुसडू नका, दुसऱ्या नायकाला तो प्रश्न विचारायला लावा.

टाकायला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही फॅनफिकची विनामूल्य वेबसाइट चांगली. खातं आमंत्रणावर मिळतं, रांगेत नाव घालून थांबावं लागतं. कथा टाकतानाच्या फॉर्ममध्ये दोन्ही मालिकांची नावं द्या, भाषा मराठी निवडा, वयोगट आणि इशारे भरा. नात्याच्या टॅगमध्ये दोन नावांमधे तिरकी रेघ दिली तर प्रेमसंबंध, ‘अँड’चं चिन्ह दिलं तर मैत्री किंवा घरचं नातं. चुकून मैत्रीचं चिन्ह गेलं तर तुमचे वाचक तुम्हाला शोधूच शकणार नाहीत. टॅग तिथल्या प्रचलित इंग्रजी रूपातच ठेवा, शोध त्यावर चालतो. सारांश मात्र मराठीत लिहा, आणि ‘सुपरनॅचरल’च्या चौथ्या सीझनपर्यंतचं आणि ‘बफी’चं संपूर्ण कथानक यात उघड होतं, असं त्यातच सांगा.

‘प्रतिलिपी’वर टाकलीत तर मराठी वाचक जास्त मिळेल, पण यातले बरेच जण मालिका न पाहिलेले असतील, म्हणून सुरुवातीला चार ओळींची ओळख जोडा. पात्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत, तेव्हा कमाईच्या कुठल्याही योजनेत ही कथा घालू नका. ‘हक्क मूळ निर्मात्यांचे’ ही ओळ सगळेच लिहितात. लिहा, पण तिच्यामुळे कायदेशीर संरक्षण मिळतं असं समजून पैसे घेऊ नका.

आणि दहापैकी निदान सहा प्रकरणं तयार असल्याशिवाय पहिलं टाकू नका. सातव्या प्रकरणात स्वर्गाचं बोलणं लिहायला घेतलं की तिसऱ्यातलं काहीतरी बदलावंसं वाटतंच, आणि तोवर ते लोकांनी वाचलेलं असतं.